नव्या पट्टीचे किती, ताई?

पार्लरच्या भिंतीवरचा दरफलक अवयवांचे भाव सांगतो. आयब्रो इतके, अप्पर लिप इतके, फुल हँड इतके. पण त्या पैशांत दोरा नवा आहे का, पट्टी आपल्यासाठी काढलेली आहे की मघाच्या बाईच्या पायावरून आलेली, डब्यातल्या वॅक्समध्ये एकच काडी दिवसभरात कितीदा बुडाली, हे त्या फलकावर नसतं. केस काढताना होणारी बहुतेक दुखणी याच न लिहिलेल्या गोष्टींतून येतात. म्हणून दर विचारताना सामानाचाही विचारावा. ऐकायला अवघड वाटतं, पण रक्कम फार नाही. पुढे हिशेब दिलाच आहे.

आपलं दुसरबीड हे बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यातलं, जालना–मेहकर रस्त्यावरचं गाव. इथल्या बाईपुढे तीन वाटा असतात. एक गावातलं पार्लर, जे अशा गावांत बरेचदा घराच्या पुढच्या खोलीतच चालतं. दुसरी वाट सिंदखेडराजा किंवा मेहकरच्या जरा मोठ्या दुकानाची. तिसरी जालना नाहीतर छत्रपती संभाजीनगरची, जिथे एसी सलूनही आहेत आणि त्वचारोगतज्ज्ञांचे दवाखानेही. दुकान मोठं म्हणजे स्वच्छ, असं मात्र धरून चालू नये. शहरातल्या गर्दीच्या पार्लरमध्ये पट्टी जास्त वेळा फिरते, आणि गावातली ताई दिवसाला चार गिऱ्हाइकं करते तेव्हा तिला हात धुवायला तरी वेळ असतो.

भिंतीवर फ्रेम केलेली शॉप ॲक्टची पावती दिसली की अनेकींना हायसं वाटतं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार थोड्या कामगारांच्या दुकानाला फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. ती पावती त्या सूचनेची असते. पट्टी स्वच्छ असण्याशी तिचा संबंध नाही. त्यापेक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र विचारा. आयटीआयमध्ये बेसिक कॉस्मेटोलॉजी हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तो केलेल्या मुलीला निर्जंतुकीकरण म्हणजे काय हे निदान एकदा तरी शिकवलेलं असतं. नुसत्या आठ-पंधरा दिवसांच्या क्लासवर हात बसतो, पण कुणाला वॅक्स करायचं नाही हे त्यात क्वचितच येतं.

आता दर. खालचे आकडे लहान गावांतले ढोबळ अंदाज आहेत. लगीनसराईत ते चढतात, म्हणून बसण्याआधी विचारून घ्यावं. आयब्रो ३० ते ५० रुपये, अप्पर लिप आणि फोरहेड प्रत्येकी १० ते ३०. साध्या हनी वॅक्सने फुल हँड १५० ते २५०, हाफ लेग तेवढेच, फुल लेग ३०० ते ४५०, अंडरआर्म ५० ते १००. रिका किंवा चॉकलेट वॅक्स म्हटलं की दर दीडपट ते दुप्पट होतो. जीएसटीच्या नावाखाली गावातल्या पार्लरने वेगळे पैसे मागितले तर नोंदणी क्रमांक असलेलं बिल मागा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या सेवा-व्यवसायाला नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसेल तर कर आकारता येत नाही. शहरातल्या नोंदणीकृत सलूनमध्ये हा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा तिथलं बिलही एकदा वाचून घ्या.

थ्रेडिंगचं थोडक्यात सांगते. रिळावरून नवा दोरा तुमच्यासमोर तोडला पाहिजे. दोऱ्याचं टोक दातांत धरण्याची जुनी पद्धत सोडून ते गळ्यात अडकवूनही काम होतं, आणि बरंच चांगलं होतं. दातांतला दोरा तिच्या तोंडातून तुमच्या भुवईवर येतो. तिथे बारीक काप गेला तर पुढचं सांगायला नको. चामखीळ, ओठावर उठलेले पाण्याचे फोड, पिकलेला मुरूम यांवरून दोरा गेला की संसर्ग चेहऱ्यावर पसरतो, म्हणून असं काही असेल तर ते बरं होईपर्यंत थांबावं. प्लकर वापरणार असेल तर आधी स्पिरिटने पुसून घ्यायला सांगा. दोऱ्याचं रीळ तीस-चाळीस रुपयांना मिळतं. आपलं स्वतःचं घेऊन गेलात तर वर्षभर पुरेल, आणि ताईला राग येऊ नये म्हणून तिच्याकडेच तुमच्या नावाच्या पिशवीत ठेवा.

खरा खर्च आणि खरा धोका वॅक्समध्ये आहे.

वॅक्सची काडी त्वचेला लागली आणि परत डब्यात गेली की तुमच्या कातडीवरचे जंतू, सुटलेली साल, कधी रक्ताचा अंशही त्या डब्यात जातो. वॅक्स गरम असतं म्हणून जंतू मरतात, हा समज चुकीचा आहे. सोसवेल इतक्या कोमट वॅक्समध्ये ते मरत नाहीत. हेपटायटिस बीचा विषाणू तर शरीराबाहेर, पृष्ठभागावर वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. त्याहून वाईट म्हणजे वापरलेलं वॅक्स पट्टीवरून खरवडून, गाळून पुन्हा तापवणं. डब्यात बारीक केस तरंगताना दिसले की तिथून उठावं. उगाच वाद घालू नये.

मग फुल हँडच्या एका गिऱ्हाइकाला स्वच्छ सामान किती लागतं? एकदाच वापरून टाकायच्या शंभर पट्ट्यांचं पाकीट १५० ते २०० रुपयांना येतं. दोन हातांना दहा पट्ट्या पुरतात, म्हणजे १५ ते २० रुपये. लाकडी काड्या शंभराला १०० ते १५०. दरवेळी नवी काडी बुडवली तरी १० ते १५. हातमोज्यांची जोडी सात ते नऊ. असा सगळा सुरक्षेचा खर्च ३२ ते ४४ रुपये होतो. वॅक्स स्वतः वीस-पंचवीस रुपयांचं लागतं. दोनशे रुपयांच्या कामात ताईला हे परवडतं, पण दीडशेला घासाघीस करून आणलंत तर ती कुठेतरी कात्री लावणारच, आणि ती कात्री पट्टीलाच लागेल. म्हणून माझं मत असं: वॅक्सच्या दरात घासाघीस करू नका, उलट चाळीस रुपये जास्त देऊन नव्या सामानाची अट घाला.

चाळीस रुपयेही वाचवायचे असतील तर दोन युक्त्या आहेत. डब्यातून आपल्यापुरतं वॅक्स एका वाटीत आधीच काढून घ्यायला सांगावं. मग एकच काडी कितीही वेळा बुडाली तरी ती तुमच्याच वाटीत, आणि उरलेलं फेकून द्यायचं. दुसरं, एक मीटर मांजरपाट घ्यावं, स्वच्छ धुऊन, वाळवून, तीन बोटं रुंद आणि वीतभर लांब पट्ट्या कापाव्यात. चाळीस-पन्नास तरी सहज निघतात. त्या घेऊन जावं. जीन्सच्या धुऊन वापरायच्या पट्ट्यांपेक्षा हे कितीतरी बरं. रोल-ऑन वॅक्स दिसायला आधुनिक, पण त्याची चकती प्रत्येकीच्या अंगावरून फिरते. आपली स्वतंत्र नळी असेल तरच ते घ्यावं.

रिका वॅक्सचा गवगवा फार आहे. ते तेलात विरघळणारं असतं, त्वचेला कमी चिकटतं आणि केसाला जास्त, त्यामुळे दुखणं कमी होतं, इथपर्यंत खरं. पण महाग वॅक्समध्ये वापरलेली काडी बुडवली तर ते साध्याइतकंच घाण होतं. शिवाय डबा रिकाचा आणि आतला माल भलताच, हेही होऊ शकतं. डबा समोर उघडणार नसेल तर जादा पैसे द्यायचं कारण नाही.

वॅक्स लावण्याआधी ताईने ते स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला आणि मग तुमच्या हातावर थेंबभर लावून बघितलं पाहिजे. लाईट गेली की वॅक्स गॅसवर तापवलं जातं आणि डब्याचा तळ उकळत असताना वरचा थर कोमट लागतो; ढवळल्याशिवाय लावलं तर चटका ठरलेला. केस साधारण तांदळाच्या दाण्याइतके वाढलेले असावेत. त्याहून आखूड केस तुटतात आणि मग कातडीच्या आत वाढून पुटकुळ्या येतात. वॅक्स केसांच्या दिशेने लावायचं, कातडी दुसऱ्या हाताने ताणून धरायची आणि पट्टी उलट दिशेने, अंगालगत ओढायची. वर उचलून ओढली की खाली काळंनिळं होतं. एकाच जागी दोनदा झालं की थांबायचं. राहिलेले केस प्लकरने. तीळ, फुगलेल्या शिरा, उन्हाने सोललेली जागा, खरूज-गजकर्ण यांवर वॅक्स नाहीच. चटका बसलाच तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. नळ नसेल तर तांब्याने ओतत राहा. हळद, टूथपेस्ट, बर्फ यांतलं काही लावू नये.

मधुमेह असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतलेल्या मुलींनी गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावरही सहा महिने वॅक्स करू नये. त्या गोळ्यांनी कातडी नाजूक होते आणि पट्टीबरोबर सालटं निघून डाग राहतात. ट्रेटिनॉइन किंवा ॲडापॅलीनचं जेल चेहऱ्याला लावत असाल तर डॉक्टरांना विचारून काही दिवस आधी बंद करावं लागतं.

आता ज्या गोष्टीबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं ती. चेहरा उजळायची ट्यूब. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली, मैत्रिणीने सुचवलेली, कधी पार्लरमध्येच बिनलेबलच्या डबीत मिळालेली. अशा बऱ्याच मलमांत तीव्र स्टिरॉइड असतं. आठ दिवसांत चेहरा उजळतो म्हणून बाई खूश होते. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, गालावर लाल शिरा दिसू लागतात, मुरूम येतात आणि चेहऱ्यावर लव वाढते. हो, तेच मलम केस वाढवतं. मग त्या लवेसाठी ती पार्लरमध्ये जाते, चेहऱ्याचं कटोरी वॅक्स करून घेते, आणि पातळ झालेली कातडी पट्टीबरोबर सोलून निघते. दोष वॅक्सला जातो, ट्यूब चालूच राहते. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये अशी १४ स्टिरॉइडं असलेली मलमं अनुसूची एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. काउंटरवर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे.

शेजारच्या अकोल्यातलं उदाहरण त्याहून गंभीर आहे. तिथल्या एका घरातल्या आई आणि दोन मुलींच्या मूत्रपिंडांना सूज आल्याची बातमी २०२३ मध्ये आली होती. तिघींत समान गोष्ट एकच: स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेलं गोरेपणाचं क्रीम. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला आणि त्या क्रीममध्ये पारा सापडला. तेव्हा पार्लरमध्ये केस काढून घ्या, भुवया करून घ्या, पण तिथून डबीतलं क्रीम विकत घेऊ नका. घेतलंच तर त्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि घटक छापलेले हवेत. आणि चेहऱ्याला काहीही लावत असाल तर वॅक्सआधी ताईला ट्यूब दाखवा. शहाणी ताई त्या दिवशी वॅक्सला नाही म्हणेल. तिचे दोनशे रुपये बुडतात तरी नाही म्हणते, अशी ताई धरून ठेवा.

घरी करायचं असेल तर सगळ्यात स्वस्त म्हणजे रेझर, वीस ते चाळीस रुपयांचं. रेझरने केस जाड होतात ही समजूत खोटी आहे. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून खरखरीत लागतं, एवढंच. फक्त रेझर आपलं एकटीचं असावं. जावेचं, नणंदेचं, नवऱ्याचं नाही. केस काढायच्या क्रीमची ट्यूब शंभर-दीडशेच्या आसपास येते. आदल्या दिवशी कोपराच्या आत लावून बघायचं आणि सांगितलेल्या मिनिटांपेक्षा एकही मिनिट जास्त ठेवायचं नाही. जाता जाता: बाळाची लव जावी म्हणून कणकेचा गोळा अंगावर घासतात, तो थांबवा. ती लव आपोआप जाते, घासल्याने राहते ती फक्त सोललेली कातडी.

वॅक्सनंतरचा एक दिवस जपायचा असतो, आणि आपल्याकडे तो जपणंच अवघड. केसांची भोकं उघडी असतात. त्या दिवशी फवारणीला, कपाशीत किंवा सोयाबीन काढणीला जाऊ नये. औषधाचे तुषार, धूळ, घाम, ऊन सगळं त्यात जातं. गाजर गवताची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर दोन दिवस बांधाकडे फिरकू नये. गरम पाण्याची आंघोळ, अत्तर, पावडर नको. सैल सुती कपडे घाला. बारीक लाल पुरळ एक-दोन दिवसांत बसतं. पू धरला, लाली पसरत गेली, ताप आला तर डॉक्टरांकडे जावं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, त्यामुळे पैशासाठी थांबायचं कारण नाही.

लेझरच्या जाहिराती आता मोबाइलवर दुसरबीडपर्यंत पोचल्या आहेत, तेव्हा त्याचाही हिशेब. जालना किंवा संभाजीनगरसारख्या शहरात अंडरआर्मच्या एका बैठकीचे ढोबळमानाने दीड ते तीन हजार पडतात. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा ते आठ बैठका, म्हणजे नऊ ते चोवीस हजार. महिलांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तेवढा प्रवास स्वस्त. पण प्रत्येक बैठकीला मजुरीचा एक दिवस बुडतो, तो धरा. उलट अंडरआर्मचं वॅक्स दरमहा केलं तरी वर्षाला सहाशे ते बाराशे. शिवाय लेझरची पुढे वर्षातून एखादी बैठक लागतेच, कारण त्याने केस कमी होतात, कायमचे संपत नाहीत. अमेरिकेचं औषध प्रशासनसुद्धा कंपन्यांना ‘कायमची घट’ एवढाच दावा करू देतं. ‘शंभर टक्के कायमचं’ लिहिणाऱ्याच्या दारातून परत फिरावं.

तरी करायचंच असेल तर मशीन कुठलं हे विचारा. सावळ्या कातडीला एनडी-याग प्रकारचं लेझर जास्त सुरक्षित मानतात. चुकीच्या मापाने भाजून काळे डाग पडतात. मशीन चालवणारा डॉक्टर आहे की नुसता शिकाऊ, तेही विचारा. लेझरच्या आधी चार आठवडे वॅक्स आणि थ्रेडिंग बंद, कारण लेझरला केसाचं मूळ जागेवर लागतं; रेझर चालतं. पांढऱ्या केसांवर त्याचा उपयोग नाही. आणि आपल्यासारख्या वर्णाच्या बायकांत गालावरची, मानेवरची बारीक लव लेझरने उलट वाढल्याचंही दिसतं, हे सहसा कुणी सांगत नाही.

हनुवटीवर अचानक जाड केस यायला लागले आणि पाळीही अनियमित असेल तर पैसे पार्लरमध्ये घालू नका, आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. केसांचं कारण बरेचदा कातडीच्या आत असतं. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात लोकांचे केस भराभर गळाले, तेव्हा आधी पाण्यावर संशय गेला, पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. गळणं असो की उगवणं, तेल आणि पट्टी यांच्या पलीकडे बघावं लागतं.

पार्लर चालवणाऱ्या तायांसाठी दोन शब्द. रक्ताशी रोज संबंध येणाऱ्या या कामात हेपटायटिस बीची लस तुम्हाला आधी हवी. सुरुवातीला एक, महिन्याने दुसरी, सहाव्या महिन्याला तिसरी. आणि फलकावर दोन दर लिहा: साधा, आणि नव्या पट्टी-काडी-हातमोज्यांसह. गिऱ्हाईक निवडेल. काहीजणी साधाच निवडतील, तेव्हा निदान वॅक्स वाटीत काढून द्या.

एवढं करूनही भाजलं, सोललं, डाग पडला तर त्याच दिवशी उजेडात फोटो काढा, डॉक्टरांचा कागद आणि औषधांची बिलं ठेवा. पैसे फोनवरून दिले असतील तर ती नोंदच पावतीचं काम करते. रोख दिले असतील तर चिठ्ठीवर का होईना, लिहून घ्या. आधी ताईशीच बोलावं. गावात औषधाचा खर्च तिने उचलला की बहुतेक मिटतं. नाही मिटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि पुढे बुलढाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.